फुल व्हर्जिनिया फ्लेकनं जीभ पोळते, गोडी लागत नाही: चुकतंय कुठं?

लातूरच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. आधी ते सिगारेट ओढायचे, पाईप नवीन घेतलाय. इंग्लंडहून आलेल्या भाच्याकडून त्यांनी सॅम्युअल गॅविथ कंपनीच्या ‘फुल व्हर्जिनिया फ्लेक’चा डबा मागवला. या तंबाखूचं नाव त्यांनी खूप ऐकलं होतं: गोड, मनुकांच्या चवीची, शांत जळणारी. प्रत्यक्षात पहिल्या दहा मिनिटांत जीभ पोळली, पाईपमध्ये पाणी गुरगुरायला लागलं आणि चव म्हणाल तर नुसती वाफ. दुसऱ्या दिवशीही तेच. त्यांनी तीन गोष्टी विचारल्यात. डबा खराब निघाला का? मराठवाड्याच्या हवेत ही तंबाखू चालत नाही का? आणि सरळ व्हॅनिला किंवा चेरीच्या वासाच्या तंबाखूकडं वळावं का?

डबा खराब नाही. हवेचाही दोष नाही, उलट आपली कोरडी हवा या तंबाखूला चांगली साथ देते, फक्त ती वापरता आली पाहिजे. ही तंबाखू डब्यातून ओली निघते आणि तिच्यात साखर भरपूर असते. अशी ओली तंबाखू पेटवून सिगारेटच्या वेगानं ओढली की तोंडात धुराबरोबर गरम वाफ येते. जीभ पोळते ती मुख्यतः त्या वाफेनं. पोळलेल्या जिभेला मग चव कळत नाही. आणि ओली तंबाखू धड पेटत नाही म्हणून आपण आणखी जोरात ओढतो, म्हणजे आणखी वाफ. हे चक्र एका ठिकाणी तोडलं की बाकीचं आपोआप सुटतं: पाईपमध्ये भरण्याआधी तंबाखू नीट वाळवायची आणि पेटल्यावर दमानं ओढायची. निव्वळ व्हर्जिनिया या जातीच्या पानाच्या तंबाखूत मला हिच्याइतकी आवडणारी दुसरी नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ही गोडी येते कुठून ते बघू, कारण ते कळलं की ओढायचं कसं हेही कळतं. चेरी-व्हॅनिलासारखा वरून मारलेला वास हिच्यात नाही. गोडी पानाचीच आहे. व्हर्जिनियाची पानं बंद खोलीत टांगतात आणि भट्टीची धग नळांतून आत फिरवतात. धूर पानाला लागत नाही, नुसती ऊब लागते. सुरुवातीला तापमान पस्तीस-चाळीस अंशांच्या आसपास ठेवतात. पान तेव्हा अजून जिवंत असतं. त्यातल्या स्टार्चची साखर होत जाते आणि हिरवं पान पिवळं पडतं. मग धग हळूहळू वाढवत शेवटी सत्तर अंशांच्या आसपास नेतात. पान मरतं, शिरा वाळतात आणि तयार झालेली साखर आहे तिथंच अडकून राहते. हे सगळं साधारण आठवड्याभरात उरकतं. बर्ली नावाच्या पानाचं उलट आहे. ते मोकळ्या हवेत, सावलीत कित्येक आठवडे वाळतं आणि तेवढ्या काळात स्वतःची साखर स्वतःच संपवून टाकतं. म्हणून बर्लीची चव कोरडी, कोको आणि शेंगदाण्याकडं झुकणारी असते.

पान असं सोनेरी करण्याची रीत १८३९ सालची सांगतात. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅसवेल काउंटीत स्लेड नावाच्या शेतकऱ्याकडं स्टीफन हा गुलाम लोहारकाम करायचा, तंबाखूची भट्टीही सांभाळायचा. रात्री जाळ विझत आलेला दिसला तेव्हा त्यानं लोहारकामाचा कोळसा त्यात टाकला. एकदम धग वाढली आणि पानं लख्ख पिवळी निघाली. आज व्हर्जिनिया ओढणारा प्रत्येक जण त्या माणसाचं देणं लागतो, म्हणून त्याचं नाव माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

हे पान आपल्याला लांबचंही नाही. आंध्रात गुंटूर-प्रकाशमकडं आणि म्हैसूरकडच्या हुणसूर भागात याच पद्धतीनं व्हर्जिनिया वाळवतात. केंद्राचा तंबाखू बोर्डही १९७६ पासून गुंटूरला आहे. पण आपल्या ओळखीची तंबाखू म्हणजे चुना लावून मळायची किंवा निपाणीकडून येणारी बिडीची. ती उन्हात वाळलेली, काळपट, कडक, साखरेला कमी. तिच्या अंदाजानं व्हर्जिनियाकडं बघितलं तर व्हर्जिनिया आधी ‘पुळचट’ वाटते आणि मग नेट लावून ओढल्यावर जीभ जाळते. हैदराबादची चारमिनार ओढून वाढलेली आमच्याकडची मागची पिढी पाईपकडं वळली की तिचीही हीच तक्रार असायची.

फुल व्हर्जिनिया फ्लेक इंग्लंडच्या वायव्येला केंडल गावात तयार होऊ लागली. तिथला हा धंदा १७९२ पासूनचा, तपकिरीसाठीही नावाजलेला. देठ काढलेल्या पानांना वाफ देऊन ती दाबात घालतात, दाबाबरोबर उष्णता देतात आणि मग त्या घट्ट वडीच्या पट्ट्या कापतात. या पट्टीलाच फ्लेक म्हणतात. दाबलेली पानं गरम झाली की त्यांतली साखर आणि नत्र असलेली द्रव्यं एकमेकांशी जुळतात, रंग गडद होतो आणि चव खोल जाते. गुऱ्हाळावर उसाचा रस काहिलीत आटताना सोनेरीवरून तांबूस आणि पुढं काकवीच्या रंगाला जातो, तसंच इथं होतं. आणि गुळव्या जसा जाळाकडं डोळा लावून बसतो, कारण जाळ जरा जास्त झाला की सगळा पाक कडवट, तेच तुमच्या पाईपलाही लागू आहे. साखरेची गोडी मंद आचेवरच लागते. आच वाढली की ती करपते. या तंबाखूबद्दल मला सांगायची एकच गोष्ट असेल तर ती हीच आहे.

आता डबा उघडा आणि एक पट्टी हातात घेऊन उजेडात धरा. बोटभर लांब, जाडसर, कडेला थोडी ओबडधोबड. रंग गडद तपकिरी, मध्येमध्ये फिकट पिवळसर रेघा. त्या रेघा म्हणजे दाबलेल्या पानांच्या कापलेल्या कडा आणि शिरा. पट्टी वाकवा. मोडत नाही, चामड्यागत वाकते आणि बोटांना गारवा लागतो. हाच तिचा ओलेपणा. नाकाशी धरली की मनुका, किंचित आंबूसपणा आणि खाली वाळत घातलेल्या गवताचा वास. हा आंबूस वास खराबीचा नाही. बंद डब्यात पान मुरताना तो येतोच. कधीकधी पट्टीवर पांढरे चमकणारे बारीक कण दिसतात, तेही चांगलंच लक्षण आहे. मुरलेल्या पानातून बाहेर आलेले ते स्फटिक असतात. बुरशी वेगळी दिसते: कापसागत, लव असलेली, राखाडी किंवा हिरवट, आणि तिला ओल्या भिंतीसारखा कुबट वास येतो. तशी दिसली तर अख्खा डबा टाकून द्या, वरची काढून खालची वापरू नका.

पट्टी चोळायची कशी? आपल्याकडच्या तळहाताला तंबाखू मळायची सवय आहे आणि इथं तीच सवय आडवी येते. चुन्याची तंबाखू अंगठ्यानं दाबून दाबून भुगा होईस्तोवर मळतात. इथं तसं करू नका. दोन पट्ट्या तळहातावर ठेवा, दुसऱ्या हाताच्या बोटांनी हलकं गोल फिरवा आणि सुटतील तशा सोडवत जा. दोरे दोरे मोकळे झाले, मध्ये काही बारीक गठ्ठे राहिले, की थांबा. भुगा झाला तर तो घट्ट बसतो, हवा अडते आणि परत जोरात ओढायची वेळ येते. काही लोक पट्टी न चोळता नुसती दुमडून खोचतात. तिची चव जरा जास्त खोल येते हे खरं, पण ती पेटती ठेवायला हात बसावा लागतो. तुम्ही वर्षभर चोळूनच भरा.

यापुढचं वाळवणं हा सगळ्या उत्तराचा गाभा आहे, आणि इथं इंग्रजी पुस्तकातला ‘अर्धा तास’ आपल्या कामाचा नाही. परदेशी लेखक त्यांच्या दमट हवेच्या हिशेबानं लिहितात. मी परभणीत राहतो. इथं मे महिन्याच्या दुपारी पारा चाळिशीच्या बराच वर असतो आणि हवा कोरडीठक्क. चोळलेली तंबाखू ताटलीत पातळ पसरून ठेवली तर पंखा न लावताही पंधरा-वीस मिनिटांत तयार होते. फोन आला, बोलत बसलात, तासाभरानं परत आलात, तर हातात नुसता कुरकुरीत पाचोळा उरतो. तीच तंबाखू झड लागलेल्या श्रावणात दोन तास ठेवली तरी ती ढिम्म हलत नाही. तेव्हा पंख्याखाली ठेवा, नाहीतर चहाचा गरम कप उतरवल्यावर त्या ताटलीच्या उबेवर. हिवाळ्यात पाऊण तास ते तास पुरतो. आणि उन्हाळ्यातली एक गोष्ट आवर्जून सांगायची: कूलर चालू असलेल्या खोलीत तंबाखू वाळत घालू नका. कूलर म्हणजे ओलं वारं. बाहेर फुफाटा असला तरी त्या खोलीतली हवा पावसाळ्यासारखी असते. तंबाखू तिथं सादळते आणि माणसाला वाटतं, मे महिना आहे, वाळलीच असणार. उन्हाळ्यात पाईप गुरगुरतो म्हणणाऱ्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारतो. तुमचा डबा उन्हाळ्यातच उघडला असेल तर तुमच्याकडंही हेच झालं असण्याची शक्यता मोठी आहे.

घड्याळ कुठल्याच मोसमात खरं सांगत नाही, बोटं सांगतात. चिमूटभर तंबाखू अंगठा आणि दोन बोटांत जोरात दाबा आणि सोडा. गोळा तसाच राहिला तर अजून ओली आहे. सावकाश उलगडली, सुटी झाली आणि तरी मऊ लागली, तर तीच वेळ. कानाशी धरून दाबल्यावर कुरकुर आवाज आला तर जास्त वाळली. बऱ्याच डब्यांत ओलावा अठरा टक्क्यांच्या घरात असतो, ओढताना तो बारा ते चौदाच्या आसपास यायला हवा. या तंबाखूच्या बाबतीत मी कोरड्याकडं झुकतो. जरा जास्त वाळलेली व्हर्जिनिया थोडी चव गमावते, पण जीभ वाचते. ओली राहिली तर दोन्ही जातात.

फार वाळलीच तर फुटक्या माठाच्या खापराचा रुपयाएवढा तुकडा स्वच्छ धुऊन, पाण्यात भिजवून, वरून पुसून तंबाखूच्या बाटलीत एका कडेला ठेवा आणि सहा-आठ तासांनी काढून घ्या. बाजारात याच कामाला मातीच्या चकत्या मिळतात, पण खापरानं काम भागतं. बटाट्याची फोड, सफरचंदाची साल असले उपाय करू नका. आपल्या उष्म्यात त्यांना एका रात्रीत बुरशी धरते.

भरताना तळाशी सैल सोडा, तंबाखू आपल्या वजनानं पडू द्या. मधला थर हलका दाबा, वरचा त्याहून थोडा घट्ट. न पेटवता एक झुरका घेऊन बघा. हवा अगदी मोकळी आली तर सैल भरलंय, गाल आत गेले तर घट्ट. घट्ट भरलेला पाईप मध्येच काडीनं टोकरून सुधारत नाही. सगळं काढा आणि परत भरा.

काडी ओढल्यावर तिच्या टोकाचा गंधक जळून जाऊ द्या, मग ज्योत वरून गोल फिरवत चार-पाच हलके झुरके घ्या. वरचे दोरे फुगून उभे राहतील. ते टॅम्परनं, म्हणजे तंबाखू दाबायच्या छोट्या दट्ट्यानं, अलगद बसवा आणि दुसऱ्यांदा पेटवा. पहिली पेटवण फक्त वरचा थर काळा करण्यासाठी असते, पाईप खऱ्या अर्थानं पेटतो तो दुसऱ्या काडीनं. नंतर तो दोन-तीन वेळा विझेल. विझू द्या. विझण्याच्या भीतीनं भराभर ओढणं हे नवशिक्याचं सगळ्यात मोठं नुकसान आहे. परत काडी लावण्यात काहीच कमीपणा नाही, मुरलेले लोकही लावतात.

वेगाबद्दल जास्त बोलायला हवं, कारण तुम्ही सिगारेटवरून आलात. सिगारेटमध्येही बहुतेक असंच भट्टीत वाळवलेलं पान असतं. त्याचा धूर आम्लाकडं झुकलेला, म्हणून त्यातलं निकोटीन तोंडातून फार कमी शोषलं जातं. सिगारेटवाला धूर छातीत घेतो तो त्यासाठीच. पाईप छातीत घ्यायचा नसतो. मग सवयीच्या शरीराला वाटतं काहीच मिळत नाही आणि हात आपोआप भराभर तोंडाकडं जातो. ही ओढ ओळखा आणि थांबा. एक लहान झुरका, धूर तोंडात थोडा फिरवायचा, सोडायचा, मग पाईप हातात धरून निवांत बसायचं. पाईप किती तापलाय हे गालाला लावून बघा. गालाला सहन होत नसेल तर वेग जास्त आहे, दोन मिनिटं बाजूला ठेवा. संध्याकाळी गच्चीवर वारं सुटलेलं असेल तर भिंतीच्या आडोशाला बसा. वारं लागलं की निखारा स्वतःच पळायला लागतो, मग तुम्ही कितीही हळू ओढा. पंख्याखालीही तेच.

गुरगुर सगळ्यांनाच थोडीफार होते. तंबाखूतला ओलावा तर असतोच, शिवाय जळताना नवीन पाणीही तयार होतं आणि दांड्याच्या थंड भागात ते साठतं. पाईप क्लीनर (लव गुंडाळलेली बारीक तार) दांड्यातून तळापर्यंत घाला, क्षणभर ठेवा, काढा. ओढता ओढता मध्येच हे खुशाल करता येतं.

आता चवीकडं. सगळं नीट जमलं की पहिला एक तृतीयांश हिस्सा फार शांत असतो. वाळलेलं गवत, भाजलेल्या पावाची कड, किंचित लिंबासारखा चटका. पुष्कळ लोक इथंच निराश होतात, कारण त्यांना डब्यातल्या वासाची चव हवी असते. डब्यातला वास आणि जळणाऱ्या पानाची चव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थांबा. मधल्या हिश्शात निखारा खाली उतरतो, खालची तंबाखू वरच्या उबेनं आधीच शेकत आलेली असते आणि तिथं ती गोडी उघडते: मनुका, अंजीर, काकवी. जिभेच्या टोकाला नाही लागत, टाळूला आणि जिभेच्या कडांना लागते. धूर दाट, मऊ, जवळजवळ साईगत होतो. शेवटचा हिस्सा गडद. गोडी मागं सरते, मिरीचा झणका आणि थोडा मातकटपणा पुढं येतो. काहींना हाच भाग प्रिय असतो. मला मधला आवडतो आणि शेवटचा चतकोर भाग ओला-कडवट व्हायला लागला की मी तो सोडून देतो. तळापर्यंत पोचलंच पाहिजे असा काही नेम नाही.

यातली अर्धी चव नाकात आहे. तोंडात धूर घ्या, छातीत नको. बराचसा सोडून द्या आणि राहिलेला थोडासा धूर, घास गिळताना घशात जशी हालचाल होते तशी करत, नाकावाटे बाहेर सोडा. पहिल्यांदा नाकात झणका बसेल. अगदी थोडा धूर घेऊन करत राहा. गोड भाग जिभेवर कळतो, पण मनुका की अंजीर हा भेद नाकाशिवाय होत नाही. संपूर्ण पाईपभर करायचं नाही, मधल्या हिश्शात अधूनमधून केलं तरी पुरे.

ताकद मध्यम आहे, पण ती उशिरा कळते. धूर मऊ म्हणून माणूस बेसावध राहतो आणि अर्ध्या तासानं घाम फुटतो, मळमळतं. उपाशीपोटी ओढू नका, जेवणानंतर बसा. चक्कर आलीच तर पाईप लगेच खाली ठेवा, पाणी प्या, गुळाचा खडा तोंडात टाका आणि पडून राहा.

आणि हे मी प्रत्येकाला सांगतो, तुम्हालाही सांगतो. धूर छातीत जात नाही म्हणून पाईप निर्धोक होत नाही. ओठ, जीभ, घसा, अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका त्यात आहेच आणि निकोटीनची सवय लागतेच. आपल्या भागात खायच्या तंबाखूनं आणि गुटख्यानं घराघरांत तोंडाचे आजार आणलेत. त्यात पाईपची भर घालणं म्हणजे आगीत तेल. तंबाखू खात असाल तर पाईप सुरूच करू नका. सिगारेट सुटली असेल तर धूर अजिबात नको म्हणणं हाच सर्वांत चांगला निर्णय आहे, आणि तो तुम्ही घेतलात तर हा डबा वाया गेल्याचं दुःख करू नका. ओढणारच असाल तर कधीतरी, मोकळ्या जागेत, घरातल्या लेकरांपासून लांब. पोळलेली जीभ दोन-चार दिवसांत बरी व्हायला हवी, तोवर पाईपला हात लावू नका. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, फोड, घट्टपणा दोन आठवड्यांत गेला नाही तर तो पाईपचा चटका आहे असं समजून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

व्हॅनिला-चेरीच्या तंबाखूनं तुमचा प्रश्न सुटणार नाही. त्यातली बरीचशी मिश्रणं ओली राहावीत म्हणून त्यांत प्रॉपिलीन ग्लायकॉल घालतात. ती आपल्या मे महिन्यातही लवकर वाळत नाहीत आणि भराभर ओढली तर जीभ तितकीच पोळते. खोलीत दरवळतो तो वास शेजारी बसलेल्याला छान लागतो, ओढणाऱ्याच्या तोंडात मात्र त्यातला थोडाच येतो. कुणाला आवडत असेल तर माझी तक्रार नाही, पण जिभेवर उपाय म्हणून ती घेऊ नका.

खरोखर वेगळी वाट हवी असेल तर लटाकिया असलेली मिश्रणं बघा. हे नाव सीरियातल्या बंदराचं. आता हे पान मुख्यतः सायप्रसमधून येतं. तिथं ते पाइन आणि रानझुडपांच्या धुरावर शेकून काळं करतात. साखर कमी, जळतं सावकाश आणि थंड, जीभ फारशी पोळत नाही. चव धुरकट, चामड्याची, थोडी धूपासारखी. डनहिलचं ‘माय मिक्स्चर ९६५’ हे यातलं जुनं नाव, २०१९ पासून ते पीटरसनच्या नावानं मिळतं. फक्त त्यासाठी वेगळा पाईप ठेवा. लटाकियाचा वास ब्रायरच्या, म्हणजे नेहमीच्या पाईपच्या, लाकडात शिरला की निघता निघत नाही आणि त्याच पाईपमध्ये व्हर्जिनिया भरली तर ती नाजूक गोडी पार दबून जाते. व्हर्जिनियासाठी अरुंद आणि जरा खोल वाटीचा पाईप घ्या. ब्रायर परवडत नसेल तर मक्याच्या कणसाचा पाईप अगदी चांगला: ओलावा शोषतो, स्वस्त असतो आणि त्यात मागच्या तंबाखूचा वास फारसा उरत नाही. कुठलाही पाईप ओढून झाल्यावर दिवसभर तरी विसावू द्या, नाहीतर लाकडातली ओल पुढच्या भरणीत उतरते.

उरलेल्या डब्याचं असं करा. एकदा उघडलेला डबा हवाबंद राहत नाही. उन्हाळ्यात आठवड्याभरात तो आपोआप सुकतो. आठवडाभर लागेल तेवढ्या पट्ट्या डब्यात ठेवा, बाकीच्या न चोळता घट्ट झाकणाच्या कोरड्या काचेच्या बाटलीत भरा. त्यात खापर नको, पाणी नको, आहे तो ओलावा पुरेसा आहे. बाटलीवर तारीख लिहा. ठेवायची जागा महत्त्वाची. स्वयंपाकघरातला माळा, पत्र्याची खोली, गाडीचा कप्पा इथं नको, तिथली उष्णता पान शिजवून टाकते. जुनं माळवदाचं घर असेल तर आतल्या खोलीतली देवळी किंवा बळदाजवळचा कोपरा उत्तम, तिथं मे महिन्यातही गारवा टिकतो. सिमेंटच्या घरात लाकडी कपाटाचा सगळ्यांत खालचा खण. फ्रिज नको, त्यात इतर पदार्थांचे वास लागतात आणि बाहेर काढल्यावर बाटलीला घाम सुटतो. साखर भरपूर असल्यानं व्हर्जिनिया अशी वर्षानुवर्षं मुरते. दोन-तीन वर्षांत तिचा कच्चा चटका जातो आणि गोडी खोल होते. मधूनमधून उघडून बघायचा मोह आवरा. एक छोटी बाटली वेगळी भरा आणि उघडायची तर तीच उघडा.

सध्या जीभ बरी होईपर्यंत थांबा. मग दोन पट्ट्या चोळा, कूलर बंद असलेल्या खोलीत पसरा, दर पाच मिनिटांनी चिमटीत दाबून बघा आणि पाईप अर्धाच भरा. पहिल्या अर्ध्या पाईपमध्ये गोडी लागलीच पाहिजे असा आग्रह धरू नका. जीभ पोळली नाही आणि गुरगुर झाली नाही, तर वाळवणं जमलं असं समजा. वेग त्यानंतरच्या पाईपांत बसत जातो.